शेंगदाणे खा, पण कशासोबत ते बघून

चटणी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाव किलोची पिशवी हातात घेतं आणि मग हळूच विचारतं, "ताई, शुगर निघालीय मला. शेंगाचटणी चालेल का आता?" सोलापुरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. मी घरीच चटणी कुटून विकते. मला स्वतःला टाइप २ मधुमेह आहे आणि घरात सासूबाईंनाही आहे. त्यामुळे एका हातात दाणे पाखडायचं सूप आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला ग्लुकोमीटरची सुई, असं आमचं रोजचंच आहे.

उत्तर सरळ आहे: चालते. दाण्यांनी साखर फारशी चढत नाही. दाण्यांसोबत जे पोटात जातं, त्यानं चढते. गूळ, चुरमुरे, साबुदाणा, बेसनाचा जाड थर, बोलता बोलता मोडलेली चौथी कडक भाकरी. म्हणून मी गिऱ्हाइकाला उलट विचारते, "कशासोबत खाणार?" गोळ्या आणि इन्सुलिन किती घ्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी फक्त ताटातलं आणि डब्यातलं सांगतेय.

दाण्यात असतं काय

१०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २५-२६ ग्रॅम प्रथिनं आणि १६ ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या १६ मधले आठ-साडेआठ ग्रॅम नुसता चोथा, म्हणजे फायबर. चोथ्याची रक्तात साखर होत नाही. हिशोब केला तर ३० ग्रॅम दाण्यांतून, म्हणजे एका लहान मुठीतून, साखर होण्याजोगा भाग अडीच ग्रॅमसुद्धा निघत नाही. तेवढ्याच वजनाच्या मारी बिस्किटांत तो वीस ग्रॅमच्या वर असतो. आणि मारी बिस्किटं शुगरवाल्यांना चालतात अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे!

कुठला पदार्थ रक्तातली साखर किती भरभर चढवतो हे मोजायची पद्धत टोरंटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजला १०० धरलं तर ५५ आणि त्याखालचे पदार्थ कमी इंडेक्सचे. शेंगदाणे १४ च्या आसपास आहेत.

पण मला दाण्यांचं मोल वाटतं ते आणखी एका कारणानं. दाण्यातलं तेल, प्रथिनं आणि चोथा यांच्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं. सोबत खाल्लेल्या भाकरीची साखरही मग सावकाश रक्तात उतरते. उजनी धरणातून पाणी सोडतात तसं आहे हे. तेवढंच पाणी एकदम सोडलं तर पंढरपूरच्या वाळवंटात पाणी शिरतं, थोडं थोडं सोडलं तर भीमा ते पात्रातच घेऊन जाते. मधुमेहात आपल्या शरीराचं पात्र लहान झालेलं असतं, म्हणून पाणी किती यापेक्षा ते कसं येतंय हे आधी बघायचं. दिल्लीत डॉ. अनूप मिश्रा यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा तास २० ग्रॅम बदाम देऊन पाहिले. जेवणानंतरची साखर कमी चढली. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता दुसरी बाजू. १०० ग्रॅम दाण्यांत ५६७ कॅलरी असतात. टीव्हीपुढे बसून पाव किलोचा पुडा संपवला तर चौदाशे कॅलरी पोटात गेल्या, म्हणजे बऱ्याच बायकांचं निम्म्याहून जास्त दिवसाचं जेवण. ग्लुकोमीटर त्या संध्याकाळी काही बोलणार नाही. पण असं रोज झालं की वजन चढतं, पोटावर चरबी येते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि काही महिन्यांनी तीच साखर वर येते. तेव्हा दाणे खायचे ते कशाच्या तरी जागी. बिस्किटाच्या जागी, खारीच्या जागी, फरसाणाच्या जागी. सगळं तसंच चालू ठेवून वर आणखी मूठभर दाणे, असं नाही.

मूठ एकदा काट्यावर ठेवून बघा

माझी मूठ आणि आमच्या ह्यांची मूठ यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. म्हणून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम दाणे मोजा, घरातल्या एखाद्या लहान वाटीत ओता, ते कुठवर येतात ते बघा. मग तीच वाटी दाण्यांची. डबा कधी पुढ्यात घेऊन बसायचं नाही, वाटी भरून डबा परत फळीवर ठेवायचा.

सुक्या मेव्याचं म्हणाल तर २८-३० ग्रॅमला साधारण २३ बदाम, १८ काजू, अक्रोडाचे १४ अर्धे तुकडे किंवा ४९ पिस्ते बसतात. एवढं सगळ्यांचं मिळून नव्हे, यातलं कुठलंही एक. मी पिस्ते सालासकट घेते. एकेक सोलत बसलं की हात आपोआप मंदावतो, आणि टरफलांचा ढीग समोर दिसतो. अक्रोडात ओमेगा-३ जातीची चरबी चांगली असते, हृदयासाठी ती उपयोगी. बदाम भिजवून, साल काढून खायची आपल्याकडे रीत आहे. भिजवा हवं तर, पण साल टाकू नका, चोथा तिथेच जास्त.

काजूला उगाच बदनाम केलंय. त्यात कर्बोदकं इतरांपेक्षा जास्त आणि चोथा कमी हे खरं. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम कर्बोदकं आणि चोथा तीन-साडेतीन ग्रॅम. तरी चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं टाइप २ मधुमेहाच्या ३०० जणांचा अभ्यास केला, त्यातल्या एका गटाला १२ आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू दिले. त्यांचं वजन वाढलं नाही, साखर बिघडली नाही, वरचा रक्तदाब थोडा उतरला आणि चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. हा अभ्यास २०१८ चा. पण काजूकतली म्हणजे काजू नव्हे, तिच्यात साखर भरपूर असते.

महाग मेवा परवडत नाही म्हणून मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही. साखरेच्या बाबतीत भुईमूग बदामाच्या खाली बसत नाही. तो खरं तर कडधान्याच्या कुळातला, आणि आपल्या भागात तर घरोघरी असतोच.

निवडणं आणि भाजणं

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. हे माझं काम आहे, आणि इथेच लोक घाई करतात.

दाणे आणले की ताटात पसरायचे, उजेडात. सुरकुतलेले, चिमटलेले, काळपट किंवा हिरवट झाक असलेले, फुटून आतून पिवळे पडलेले दाणे बाजूला काढायचे आणि टाकून द्यायचे. ते कोंबड्यांनाही घालू नका. भुईमुगाला ओल लागली की त्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. एखादा दाणा कडू लागला तर गिळायचा नाही, थुंकून टाकायचा. पावसाळ्यात घेतलेल्या मालात मी हे काम दोनदा करते.

मग लोखंडी कढई आणि मंद आच. कढई आधी तापवून घ्यायची, दाणे एका थरात बसतील एवढेच घालायचे, उलथनं थांबवायचं नाही. तेल, मीठ काही नाही. पहिल्यांदा ओलसर वास येतो. मग साल तडतडायला लागते, दाण्यांवर तपकिरी ठिपके उमटतात, आणि खमंग वास दारापर्यंत जातो. एक दाणा बाहेर काढून गार होऊ द्यायचा आणि दोन बोटांत चोळायचा. साल सहज सुटली आणि दाणा कुरकुरीत मोडला की गॅस बंद. कढई गरमच असते, म्हणून दाणे लगेच परातीत ओतायचे, नाहीतर तळचे करपतात. गार झाले की हातानं चोळून सुपात पाखडायचे. मी स्वतः खायचे दाणे पाखडत नाही, सालीसकट खाते. चटणीच्या दाण्यांची साल मात्र काढावी लागते.

साठवण सोलापूरच्या उन्हाळ्यात अवघड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की भाजलेले दाणे बाहेर ठेवले तर लवकर खवट होतात. थोडे थोडे भाजा, काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा, उन्हाळ्यात बरणी फ्रीजमध्ये. बदाम, अक्रोड तर फ्रीजमध्येच. खवट वास आला की पैशाकडे न बघता टाकून द्यायचं.

ओल्या शेंगांचे दिवस असले तर मीठ कमी घालून उकडलेल्या शेंगा हे सगळ्यात सोयीचं खाणं. उकडल्यावर दाण्यात पाणी भरतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात कॅलरी भाजलेल्या दाण्यांपेक्षा बऱ्याच कमी. शिवाय सोलत खायचं असल्यानं अर्धा तास सहज जातो.

चटणी आणि कडक भाकरी

आपली चटणी म्हणजे भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ. उखळात मुसळानं कुटत राहायचं. आधी भुगा होतो, मग तो ओलसर दिसू लागतो, आणि दाण्याचं स्वतःचं तेल सुटून चटणीचे गोळे धरायला लागतात. मिक्सरमध्ये भुगा होतो, हे होत नाही. या चटणीत साखर नाही, गूळ नाही. बाहेरून आणली तर पाकिटामागची यादी वाचा, साखर लिहिलेली असेल तर ठेवून द्या.

म्हणजे साखरेच्या दृष्टीनं चटणी निर्दोष. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, मीठ. शुगरसोबत ब्लडप्रेशर असलेली मंडळी खूप आहेत. त्यांच्यासाठी मी मीठ निम्मं करून लसूण आणि जिरं वाढवते, चवीला ती उणी लागत नाही. दुसरी, वरून ओतलेलं तेल. चटणीला स्वतःचं तेल असताना वर आणखी चमचाभर कशाला? घट्ट दही घ्या. दह्यानं प्रथिनंही मिळतात. एका जेवणाला सपाट चमचा, दीड चमचा चटणी पुष्कळ.

खरी मोजायची ती भाकरी. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी तेवढीच. कडक भाकरी हातात हलकी लागते, कारण तिच्यातलं पाणी गेलेलं असतं, ज्वारी गेलेली नसते. गप्पा मारत मोडत बसलं की तीन-चार कधी संपतात कळत नाही. मी आधी ताटात किती घ्यायच्या ते ठरवते, उरलेल्या कापडात बांधून आत ठेवते. सोबत कांदा, काकडी, मुळा, मेथीची किंवा शेपूची भाजी, आणि जेवणाची सुरुवात त्यांच्यापासून. भाजी, मग दही-चटणी, मग भाकरीचा तुकडा. ताटात तेच पदार्थ, पण या क्रमानं खाल्लं की मला दोन तासांनंतरचा आकडा निवांत दिसतो.

दात नसलेल्यांसाठी दाणे पाखडून बारीक कूट करून ठेवा. आमच्या सासूबाईंना सबंध दाणे चावत नाहीत, ठसका लागतो. त्यांना काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे कूट देते, किंवा ताकात कालवून. कोशिंबिरीत सवयीनं पडणारी चिमूटभर साखर मात्र बंद. लहान मुलांनाही सबंध दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

दाण्यांच्या नावाखाली काय काय खपतं

शेजारच्या अक्का आयुष्यभर विड्या वळत आल्या, आता घरीच असतात. संध्याकाळी वाडगाभर भडंग घेऊन ओट्यावर बसतात. एकदा म्हणाल्या, "दाणे तर घातलेत की वहिनी त्यात! तूच म्हणालीस दाणे चांगले."

"अक्का, दाणे वरवर आहेत. खाली बघा, सगळे चुरमुरेच आहेत."

चुरमुरा म्हणजे फुगवलेला तांदूळ. पोटात गेला की झटकन विरघळतो आणि झटकन साखर होतो, आणि हलका असल्यानं वाडगाभर खाल्ला तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही. अक्कांचा वाडगा मी उलटा करून दिला. दाणे लहान वाटीभर, त्यात बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, आणि वरून मूठभरच चुरमुरे, कुरकुरीसाठी. त्यांना ते आवडलं, कारण तिखट-आंबट चव तीच राहिली. चुरमुऱ्यांचा सुशीला करतानाही हेच करा: चुरमुरे निम्मे, दाणे आणि भाज्या जास्त.

मसाला शेंगदाणे म्हणून मिळतात त्यांच्यावर बेसनाचा किंवा पिठाचा थर असतो आणि ते तळलेले असतात. त्यापेक्षा साधे खारे दाणे बरे, तेही मीठ झटकून. फुटाणे चांगले, त्यात प्रथिनं आणि चोथा आहे, पण ते हरभरे आहेत, त्यांत कर्बोदकं दाण्यांच्या कितीतरी पट. एक मूठ फुटाणे आणि एक मूठ दाणे हे सारखं धरू नका, निम्मे निम्मे मिसळा. सुक्या मेव्याच्या पाकिटात मनुके आणि खजुराचे तुकडे असतात, ते वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखरच. वेगळे काढा.

चिक्की आणि दाण्याचा लाडू यांबद्दल लोक फार हट्टानं बोलतात. "गूळ आहे, साखर नाही" असं म्हणतात. गुळात लोह वगैरे थोडं असेल, पण तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तात साखरेसारखाच वागतो. दाण्याइतकाच गूळ घालून केलेल्या ३० ग्रॅम चिक्कीत १५ ग्रॅमच्या जवळ गूळ गेला. म्हणजे जवळजवळ तीन चमचे साखर.

संक्रांत आणि एकादशी

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, संक्रांत आणि हुरडा एकदमच येतात. भोगीच्या दिवसाचं ताट मला वर्षातलं सर्वांत शहाणं ताट वाटतं: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि ओले हरभरे, घेवडा, वांगं, गाजर, दाणे, तिळाचं कूट घातलेली भाजी. भाकरी एकच घ्या, भाजी दोनदा. दुसऱ्या दिवशी शेंगापोळी होते, तिथे सांभाळायचं. मी सारणात दाण्याच्या कुटाला पाऊण वाटी गूळ घेते आणि थोडं भाजलेलं तिळाचं कूट घालते. गूळ याहून कमी केला तर सारण सुटं राहतं, लाटताना पोळी फाटते. पोळी लहान लाटते, भाजी-कोशिंबीर झाल्यावर अर्धी खाते, आणि त्या जेवणात भाकरी किंवा भात नाही. तिळगूळ कुणी दिला तर एक दाणा तोंडात, बाकी घरच्या मुलांना.

हुरड्यासोबत शेंगाचटणी, दही घ्या. गूळ आणि रेवडी सोडून द्या. हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच आहे, दोन मुठी झाल्या की थांबा.

एकादशीचा प्रश्न जास्त गंभीर. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर, आषाढीला घरात शुगरवाल्या बाईनं उपवास सोडावा हे मनाला पटत नाही, हे मला माहीत आहे. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, चोथा आणि प्रथिनं नावालाच. त्यात कितीही दाण्याचं कूट घातलं तरी ते साबुदाण्याला आवरू शकत नाही. खिचडी हवीच असेल तर चार-पाच चमचे. मुख्य जेवण असं करा: भगर अर्धी वाटी, दाण्याची आमटी मोठी वाटी, गूळ न घालता, आमसुलाच्या आंबटपणावर. काकडीची कोशिंबीर कूट घालून, वाटीभर ताक किंवा दही. आमटीत दाणे आहेतच, म्हणून त्या दिवशी वेगळी मूठ नको.

निर्जळी किंवा दिवसभर काही न खाण्याचा उपवास गोळ्या घेऊन करायचा नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोट रिकामं राहिल्यावर साखर धोकादायक खाली जाते. उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

साखर उतरली असताना दाणे नकोत

हे ठळक लक्षात ठेवा. हात थरथरतायत, दरदरून घाम येतोय, काळीज धडधडतंय, काही सुचत नाही, आणि मीटर ७० च्या खाली दाखवतंय, अशा वेळी दाणे, बदाम, चिक्की, चॉकलेट काही देऊ नका. दाण्यांचा जो गुण एरवी उपयोगी, साखर सावकाश रक्तात सोडण्याचा, तोच इथे घात करतो. तेव्हा लगेच चढणारी साखर हवी: १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर लावा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. वर आली की मग भाकरीचा तुकडा आणि दाणे, पुन्हा उतरू नये म्हणून. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

आणि गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात. त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचं पचन तेच औषध अडवतं, त्यामुळे साखरपाण्यानं रक्तातली साखर वेळेवर वर येत नाही. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. सासूबाईंच्या उशाशी मी तिचा डबा ठेवलाय, आणि नातवालाही तो कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.

आपल्या अंगावर काय होतं ते बघणं

मी सांगितलं म्हणून मानू नका. मीटर घरात असेल तर स्वतः बघा. एक दिवस संध्याकाळी पाच वाजता साखर मोजून नेहमीचं बिस्किट-चहा घ्या आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, दुपारचं जेवण तसंच ठेवून, बिनसाखरेचा चहा आणि दाण्यांची वाटी. दोन्ही आकडे वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. गूळ किंवा फळ हाताळलेल्या बोटावर आकडा खोटाच वर दिसतो. चिक्की कापत असताना मोजायला बसलात तर हमखास. आणि घरचं मीटर थोडं इकडेतिकडे दाखवतंच, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं धरलेलं असतं. म्हणून दहा-बारा आकड्यांच्या फरकावर हुरळून जाऊ नका किंवा घाबरू नका. बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे लक्ष्य धरतात, पण वय आणि इतर दुखणी बघून डॉक्टर ते बदलतात. सासूबाईंचं लक्ष्य माझ्यापेक्षा सैल ठेवलंय.

किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर वरचं काही सुरू करण्याआधी विचारा, कारण दाण्यांत आणि मेव्यात पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं भरपूर असतात. दाण्यांची ॲलर्जी असेल तर अर्थातच हात लावायचा नाही.

पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून तीनच गोष्टी विचारा: माझ्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते का, माझी किडनी आणि ब्लडप्रेशर बघता रोज ३० ग्रॅम दाणे आणि चमचाभर चटणी चालेल का, आणि एकादशीला गोळी कशी घ्यायची. उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या, घरी येईपर्यंत विसरायला होतं.